पाण्यात धरलेलं वाक्य

सेलूच्या रेल्वे गेटापाशी रुस्तुमरावांचं पंक्चरचं दुकान.
गेट पडलं की गिऱ्हाईक थांबतं, उघडलं की जातं.
मी मात्र रिटायर झाल्यापासून उगीचच थांबते तिथे,
स्कूटीत हवा असली तरी.

मंगळवारी त्यांनी हात पुसून मोबाइल पुढे केला.
"अंगदनं पाठवलंय, बाई. आम्ही लावलाय अर्थ,
तरी एकदा नजर टाका."
वाळूजच्या कंपनीचं पत्र, आठ ओळी,
मधली ओळ : वी हॅव टु लेट यू गो.
पोरानं स्वतःचा एक शब्द घातला नव्हता.

पुतणीच्या डिक्शनरीतून त्यांनी
एकेक शब्द सोडवला होता, टायरातून खिळा काढावा तसा.
लेट म्हणजे मुभा देणे. गो म्हणजे जाणे.
यू म्हणजे आमचा अंगद.
"जाऊ दिलं त्याला! दिवाळीला सोडना गेले होते,
आता सोडलं."
सत्यभामाबाईंनी गादी उन्हात टाकली होती.
उद्या संध्याकाळच्या गाडीनं येईल,
असा हिशोबही झाला होता.

सगळे शब्द बरोबर होते.
पेपर तपासत असते तर एक गुण कापता आला नसता मला.

एकतीस वर्षं मी फळ्यावर हेच लिहीत आले :
साधं वाक्य त्याच्या शब्दांच्या बेरजेइतकं असतं,
वाक्प्रचाराची बेरीज जुळत नाही.
"डोळा लागला म्हणजे डोळ्याला काय लागलं?"
असं विचारायची, वर्ग हसायचा.
शबाना नावाची पोरगी एकदा म्हणाली,
"बाई, आपल्या पोटात कावळे ओरडतात,
मग इंग्रजांच्या पोटात कोण?"
मला आजही माहीत नाही.
अंगद तिच्या मागच्या बाकावर.
वाक्प्रचारांत पाचपैकी पाच.

म्हणजे त्याला हे पत्र कळलं होतं, पहिल्या वाचनात.
आणि बापाला कळणार नाही, हेही.

त्या शेवटच्या ओळीवर मी नंतर रात्रभर अडले.

फळ्यावर सोपं असतं.
इथे रबराच्या वासात उभं राहून
मला त्या वाक्याला मराठीत आणायचं होतं,
आणि मराठीत शब्द होता की,
तयार, शेंडीसकट.
"रुस्तुमराव," मी म्हटलं, "नारळ दिला त्याला."

कुठला नारळ, असं त्यांनी विचारलं नाही.
पान्हा हातात तसाच धरून
खाली लाकडी ठोकळ्यावर बसले.
घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.
मग कोणाची तरी ट्यूब उचलली, पंप मारला,
पाण्यात बुडवून फिरवू लागले, सावकाश.

"वरून धड दिसती ना ओ ट्यूब.
पाण्यात धरल्याबिगर कळत नाही
हवा कुठून चाललीय ते.
लई गोड लिहिलंय पण. जाऊ दिलं म्हणं.
ह्यानं कवा म्हणलं होतं, मला जाऊ द्या?"

बुडबुडे आले.
त्यांनी त्या जागेवर अंगठा दाबून धरला
आणि धरूनच ठेवला,
पॅच शोधायला हात मोकळा राहिला नाही.

मी काहीतरी बोलायला गेले,
कंपन्यांचं, सध्याच्या दिवसांचं,
शिकलेल्या पोराला काय कमी, वगैरे.
"जाऊ द्या," ते म्हणाले.

तेच दोन शब्द. लेट. गो.
आणि कोणीच कुठे जात नव्हतं.

गेट पडलं. मालगाडी निघाली,
डबे मोजायची माझी सवय, सोळापर्यंत मोजले.
तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं फोन लावलेला,
गाडीच्या आवाजावर ओरडून बोलत होते.
"बाई म्हणल्या मला. हां.
हां, कळलं.
तू बस गाडीत.
मायनं गादी टाकलीय उन्हात."

मी ते वाक्य सवयीनं उलटसुलट करून पाहिलं.
गादी.
ऊन.
गेट उघडलं.